धोकादायक वाडा, पण कुठून? जुन्या नाशकातलं एक प्रकरण

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या दारांवर नोटिसा डकवल्या जातात. मजकूर साधारण सारखाच असतो: इमारत धोकादायक आहे, रिकामी करा, दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमात तशी तरतूद आहे, आणि पावसात वाडे खरोखरच कोसळतात, त्यामुळे या नोटिशीला नुसता कागद म्हणून चालत नाही. या लेखातल्या वाड्यालाही ती आली. घरच्यांच्या इच्छेखातर वाड्याचं आणि घराण्याचं नाव देत नाही. भांडी बाजाराच्या मागून वर चढणाऱ्या बोळांपैकी एका बोळात तो उभा आहे, एवढं पुरे.

घर तीर्थोपाध्यायांचं, म्हणजे यात्रेला येणाऱ्या यजमानांची धर्मकार्यं करणाऱ्यांचं. नोटीस आली तेव्हा घरात तीन मतं होती. गुरुजी म्हणत, "दीडशे वर्षं उभा आहे, त्याला काय होतंय!" त्यांच्या पुतण्याचं म्हणणं, आता बास, विकासकाला देऊन टाकू आणि वर दोन फ्लॅट घेऊ. तिसरं मत आजींचं, म्हणजे गुरुजींच्या आईंचं: "पाडा नाहीतर ठेवा, पण रात्री-अपरात्री मला जिना उतरायला लावू नका." हे तिसरं मत तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. वाड्याचं दुखणं मात्र नेमकं त्याच्याशी जोडलेलं निघालं.

वाडा तपासायला आम्हाला बोलावलं तेव्हा आमच्याकडे आलेला प्रश्न सरळ होता: वाडा धोकादायक आहे की नाही? असा प्रश्न विचारला की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि दोन्ही उत्तरं बहुधा चुकीची असतात. लाकडी सांगाड्याची इमारत एकदम, सगळीकडे सारखी बिघडत नाही. ती एखाद्या कोपऱ्यातून बिघडते. म्हणून आम्ही प्रश्न बदलून घेतला: धोका कुठे आहे, आणि तो तिथेच का आहे?

वाडा

बोळाकडे पाच खणांचं तोंड (दोन खांबांमधली जागा म्हणजे खण), आणि आत मात्र वाडा लांबच लांब. एकामागे एक दोन चौक. खालचं जोतं काळ्या पाषाणाचं, आणि त्याच्यावरही तळमजल्याच्या बाहेरच्या भिंती कमरेपर्यंत घडीव दगडाच्या. त्यानंतर पातळ भाजक्या विटा, मातीत रचलेल्या, वर चुन्याचा गिलावा. कमरेपर्यंतचा हा दगड डौलासाठी नाही. गोदावरीला मोठा पूर आला की सराफ बाजार, भांडी बाजार पाण्याखाली जातात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं यावरून अख्खं नाशिक पुराचा अंदाज घेतं, आणि या बोळातली माणसं त्यावरून खालच्या खोलीतलं सामान वर नेतात. १९६९ च्या महापुरात पाणी पुढच्या चौकात शिरलं होतं असं आजी सांगतात. २००८ आणि २०१६ ला ते पायऱ्यांवरून परत गेलं. पाण्यात भिजून चालेल ते खाली आणि भिजून चालणार नाही ते वर, असा या भिंतीचा साधा नियम आहे.

दरवाजातून आत गेलं की दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहाऱ्याच्या छोट्या ओट्या. मोठ्या दाराला बेतशीर दिंडी, म्हणजे दारातलंच छोटं दार, आणि दाराच्या मागे भिंतीत सरकणारा अडसर अजून जागेवर. उजव्या देवडीतून एक जिना थेट माडीवर जातो, अंधारा आणि उभा, वर लाकडी झडप. या जिन्याने वाड्याची सगळी रचना उलगडते. माडीवरच्या पुढच्या दालनात यजमान उतरायचे. कुठून कुठून आलेली कुटुंबं, सिंहस्थात तर रांगाच. त्यांनी थेट वर जावं, माजघराकडे नजरही जाऊ नये, म्हणून हा जिना देवडीतच काढला. घरच्यांचा जिना मागच्या चौकात, वेगळा. पुढचा चौक धर्मकार्याचा आणि लोकांचा. मागचा चौक घरचा: ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, आड. दोन्हींच्या मध्ये एकच दार आणि तेही थोडं बाजूला सरकवलेलं, म्हणजे दिंडीत उभ्या राहिलेल्या माणसाला मागचा चौक दिसत नाही. वाड्यांच्या वर्णनात नक्षीकामाचं कौतुक फार होतं. मला विचाराल तर या दाराची जागा ठरवणारा माणूस जास्त हुशार होता.

नक्षी आहेच म्हणा. पुढच्या चौकाभोवती सुरूदार खांब, त्यांच्यामध्ये लाकडी महिरपी, देवघराच्या दारावर गणेशपट्टी. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा आहे, जमिनीत रोवलेला एकही नाही. खांबाच्या डोक्यावर हस्त (आधाराचा आडवा तुकडा), हस्तावर तुळई, तुळईवर कड्या (बारीक आडवी लाकडं), कड्यांवर पाट (फळ्या). पाटांवर मातीचा जाड थर आणि पूर्वी त्यावर सारवण. सांधे कुसू आणि साल यांचे, म्हणजे एका लाकडाचा दात दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, खिळे फक्त पाटांना. सागवान कुठून आणलं याची नोंद घरात नाही, पण पेठ, सुरगाणा आणि डांगाची जंगलं जवळ असताना लांब जायची गरज नव्हती.

भार मुख्यतः या सांगाड्यावर. विटांची भिंत ही खांबांच्या मधलं भरण आहे, ती छत पेलत नाही; बाहेरच्या भिंतीत काही तुळयांची टोकं टेकतात तेवढीच. हे लक्षात घेतलं नाही की माणूस भिंतीच्या भेगा बघून घाबरतो आणि कुजलेल्या तुळईखाली निवांत चहा पितो.

माडीवरच्या पुढच्या दालनाला लागून एक छोटी खोली आहे, तिला खिडकी नाही, फक्त वरच्या बाजूला उच्छ्वास, म्हणजे हवेचा झरोका. तिच्यातल्या फडताळांत नामावळीच्या चोपड्या आहेत. कोणत्या गावचे, कोणत्या कुळातले, कोण कधी येऊन गेले, कोणासाठी काय केलं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सह्यांनिशी. घराण्याचा चरितार्थ या चोपड्यांवर चालला. ही खोली वाड्याच्या सगळ्यात सुरक्षित जागी आहे: पुराच्या पाण्यापासून उंच, चुलीपासून लांब, मोरीपासून त्याहून लांब.

वय ठरवताना

गुरुजींनी पहिल्याच भेटीत एक कौल दाखवलं. त्यावर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ हा आकडा उठवलेला. "हे बघा साल." असं कौल दाखवून वाड्याचं वय सांगणारे लोक महाराष्ट्रभर भेटतात. १८६५ हे बासेल मिशनच्या मंगळूरच्या कौल कारखान्याचं स्थापनावर्ष. ते कौलांवर पुढे कितीतरी वर्षं छापलं जात होतं. त्यावरून एवढंच म्हणता येतं की हे छप्पर १८६५ च्या आधीचं नाही.

मंगलोरी कौलं समुद्रातून मुंबईला आणि मुंबईहून रेल्वेने वर यायची. थळ घाटातली रेल्वे सुरू झाली तीही १८६५ मध्येच. म्हणजे आजचं छप्पर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा त्यानंतरचं. माडीच्या सज्जाचा ओतीव लोखंडी कठडा आणि खिडक्यांवरच्या रंगीत काचा त्याच काळाच्या चवीच्या. खालचा सांगाडा त्याहून जुना दिसतो. छपराच्या वाशांवर जुन्या नळीच्या कौलांच्या पट्ट्यांच्या खुणा आहेत, त्या पट्ट्या नव्या कौलाला लागतात त्यापेक्षा बऱ्याच जवळजवळ होत्या. मागच्या चौकापलीकडच्या दोन खणांवर तर पूर्वी मातीचं धाबं, म्हणजे सपाट छप्पर होतं, त्याच्या कड्या अजून ओळखू येतात.

थोडक्यात, ज्याला सगळे 'मूळ वाडा' म्हणतात तो एकदा चांगलाच दुरुस्त झालेला आहे, आणि ती दुरुस्ती उत्तम होती. नळीची कौलं दर उन्हाळ्यात शाकारावी लागत. माकडं, मांजरं, वारा यांनी ती हलत. मंगलोरी कौल एकमेकांत अडकतं, वजनाला बेताचं, गळलं तर नेमकं कुठून ते कळतं. हा बदल मुद्दाम सांगतो, कारण पुढे ज्या बदलांबद्दल वाईट बोलायचं आहे ते बदल होते म्हणून वाईट नव्हते.

तपासणी

आमच्यासोबतच्या मिस्त्रींची पद्धत जुनी. हातात छोटी हातोडी आणि टोच्या. प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी, तुळई भिंतीत शिरते तिथे आणि कड्यांच्या टोकांना ठोकून आवाज ऐकायचा, मग टोच्या दाबायचा. खणखणीत आवाज आला तर पुढे जायचं. भदभद आवाज आला तर खडूने फुली. आमचं ओलावा मोजायचं यंत्र त्यांच्या मागून फिरत होतं आणि बहुतेक वेळा त्यांनी फुली मारलेल्या जागीच काटा वर चढत होता. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी जोर धरत नाही. पुढच्या चौकातलं लाकूड त्याच्या पुष्कळ खाली होतं. चोपड्यांच्या खोलीवरचं छप्पर सगळ्यात कोरडं. तिथल्या एका तुळईवर टोच्या दाबताना मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, ह्याला अजून शंभर वर्षं बघायची गरज नाही." मग लगेच, "पण मागं चला. मागं वास येतोय."

वास मागच्या चौकाच्या नैऋत्य कोपऱ्यात होता. माजघराची बाहेरची भिंत, तिच्यावर खालून पाच-सहा फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट. रंग फुगलेला, त्याच्या वर, जिथे जुना चुना सुरू होतो तिथे, लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून फुटणारे क्षार, त्याची पांढरी रेघ. माडीवर त्याच कोपऱ्यात संडास-बाथरूम. पारदर्शक नळीत पाणी भरून माडीच्या जमिनीची पातळी घेतली, तर त्या कोपऱ्यात ती पावणेदोन इंच खाली बसलेली. बाजूचं दार चौकटीत अडकत होतं, म्हणून कोणीतरी ते रंधून घेतलं होतं, आणि ते रंधलेलं लाकूडही पुन्हा घासत होतं. म्हणजे बसणं थांबलेलं नव्हतं.

जुन्या तुळया वाकलेल्या असतातच. लाकूड भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू झुकतं आणि मग स्थिरावतं. तो वाक म्हणजे धोका नव्हे. चालू हालचाल ही वेगळी गोष्ट, आणि दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही. म्हणून वाड्यात जिथे जिथे भेगा होत्या तिथे काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या आणि तारखा लिहिल्या. भेग रुंदावली की काच तडकते. या कोपऱ्यातल्या पट्ट्या पहिल्या चांगल्या पावसातच तडकल्या. पुढच्या चौकातली एकही नाही, आणि पुढच्या दर्शनी भिंतीतली ती लांबलचक भेग, जिचा फोटो नोटिशीसोबत जोडला होता, तिच्यावरची काच तर पूर्ण पावसाळाभर शाबूत राहिली. ती भेग जुनी, मेलेली होती. दगडी भाग आणि विटांचा भाग यांच्या सांध्यावर पडलेली.

दुसरा पुरावा घरच्यांनी दिला, आणि तो कुठल्याही यंत्राने मिळाला नसता. रंगपंचमीला जवळच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात उड्या मारून पोरं भिजल्या अंगाने वाड्यात येतात आणि मागच्या आडावर रंग धुतात. पूर्वी ते पाणी तेव्हाच्या तेव्हा निघून जायचं. "आता संध्याकाळपर्यंत त्या कोपऱ्यात तांबडं डबकं असतं," आजी म्हणाल्या. तिथल्या खांबाचा तळखडा पाहिला तर त्यावर तांबूस रेघांचे थर होते, एकावर एक. चौकाची फरशी नंतर घातलेली शहाबादी होती, जुन्या दगडी फरशीवरच, चार-पाच इंचांनी उंच. तळखडा त्यात जवळजवळ बुडाला होता. खांबाचं लाकूड आणि ओली जमीन यांच्यात मुद्दाम ठेवलेलं अंतर नाहीसं झालं होतं.

कारण

१९७० च्या दशकात वर संडास झाला तो उगाच नाही. यजमानांना खाली मागच्या दाराशी जावं लागायचं. नव्या पिढीचे यजमान लॉजवर उतरू लागले होते. घरातली म्हातारी माणसं होतीच. ज्याने तो बांधला त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गरज खरी होती, जागा चुकली.

हिशेब मांडून पाहिला. पाटांवरचा मातीचा जुना थर सहा इंचांचा धरला तर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भार होतो, आणि तो पेलण्यासाठीच तुळया तशा जाड घेतलेल्या आहेत. संडासासाठी त्याच्यावर सिमेंट-वाळूचा थर आणि शहाबादी फरशी आली, म्हणजे आणखी पावणेदोनशे-दोनशे किलो. मग अर्ध्या विटेच्या आडभिंती. मग पाचशे लिटरची टाकी, म्हणजे अर्धा टन, एकाच खणावर. एवढं करूनही सागवान कदाचित तग धरून राहिलं असतं. पण पाईपच्या सांध्यातून पाणी झिरपत राहिलं आणि मातीचा थर स्पंजासारखा ते धरून बसला. ओल्या मातीचं वजन वाढलं ते वेगळंच.

पाणी खाली भिंतीत उतरलं. विटा, माती आणि चुन्याची भिंत ओली झाली तर उन्हाळ्यात सुकते, दोन्ही अंगांनी श्वास घेते. ही भिंत सुकेना, कारण आतून सिमेंट आणि त्यावर ऑइलपेंट, आणि बाहेरूनही सिमेंट. घरात ओल दिसली म्हणून सिमेंट केलं, सिमेंट केलं म्हणून ओल वर चढली, वर चढली म्हणून सिमेंटही वर नेलं: गिलाव्याच्या दोन वेगळ्या थरांतून हा इतिहास सरळ वाचता येत होता. बाहेरच्या बाजूला शेजारची इमारत नव्याने उभी राहिली तेव्हा मधल्या बोळकांडीत राडारोडा पडला आणि तिथून हवाही बंद झाली. तुळईचं टोक या भिंतीत बसलेलं. सागाचा गाभा सहजी कुजत नाही, पण वर्षानुवर्षं ओल्या विटांत कोंबलेलं टोक सागाचं असलं तरी किती दिवस टिकणार? गिलावा फोडला तेव्हा टोकाचा हातभर भाग तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फाटलेला दिसला. बोटाने खरवडला तर निघत होता. त्या हातभरापलीकडे करवत लावली आणि पिवळसर, तेलकट, ताज्या वासाचं लाकूड लागलं.

वाडा इतका चांगला राहिला आहे याचं कारण लोक 'जुन्या काळचं दणकट काम' असं सांगतात. मला ते अर्धं पटतं. तेच लाकूड, तेच मिस्त्री, तेच वय, आणि एक कोपरा कुजला. फरक पाण्याच्या वाटेचा होता. पुढच्या भागात कोणी फेरबदल केले नाहीत, कारण तिथे चोपड्या होत्या. दरवर्षी अक्षय्य तृतीयेनंतर छपरावर माणूस चढायचा, कौलं बघायचा, पन्हळ साफ करायचा. ही काळजी वाड्याची नव्हती, चोपड्यांची होती. छप्पर आपोआप सांभाळलं गेलं. मागच्या भागात सांभाळण्यासारखं काही मोलाचं नाही असं घराने कधीतरी ठरवलं, आणि तिथे सोयी कोंबल्या गेल्या.

पाडायचा की ठेवायचा

पुतण्याचा मुद्दा आम्ही बाजूला टाकला नाही. त्याला दोन मुलं आहेत, गाडी लावायला जागा नाही, आणि वारसा हा शब्द ऐकून त्याचे कान किटले होते. नाशकातला पेशवेकालीन सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे, त्याच्यामागे शासन उभं राहतं. खासगी वाड्याच्या मागे घरमालकाचा खिसा. तेव्हा हिशेब समोर ठेवला. आजच्या नियमावलीत किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि इथे समोर बोळ आहे. रुंदीकरणाची पट्टी सोडून, भाडेकरूची जागा देऊन, विकासकाचा वाटा काढून घराला जे उरत होतं ते आजच्या वाड्याच्या वापरातल्या जागेपेक्षा कमी भरलं. गाडी तेव्हाही बोळात शिरणार नव्हतीच. पुतण्याने आकडे दोनदा तपासले आणि म्हणाला, "मग संडास कुठे करताय ते सांगा." चर्चा तिथे मार्गी लागली.

काम

आधी टेकू. कोपऱ्यातल्या तुळयांखाली आणि कड्यांखाली लोखंडी स्क्रूचे टेकू दिले, त्यांच्या पायाशी जाड फळ्या, म्हणजे भार फरशीच्या एका बिंदूवर येऊ नये. बसलेला भाग पुन्हा सरळ करायचा मोह आवरला. इतकी वर्षं वाकलेला सांगाडा एका दिवसात उचलला तर धडधाकट सांधे सुटतात. स्क्रू आठवड्याला थोडा थोडा फिरवला, आणि अर्ध्याहून जास्त बसकण निघाल्यावर थांबलो.

टाकी, आडभिंती, शहाबादी, सिमेंटचा थर हे सगळं उतरवलं. ओली माती खरवडून काढली. भिंतीचा सिमेंट गिलावा छिन्नीने हळू सोलला, कारण तो विटांचं तोंडच घेऊन निघत होता. मग काहीच केलं नाही. भिंत आख्खा उन्हाळा उघडी ठेवली. सगळ्या कामात घरच्यांना हा भाग सर्वांत अवघड गेला. माजघराची उघडी, लोणा लागलेली भिंत पाहुण्यांना दिसते, आणि कंत्राटदार रोज विचारतो, गिलावा कधी? ओल्या भिंतीवर चुना केला असता तरी पुढच्या वर्षी लोणा त्यातून बाहेर आलाच असता.

तुळई बदलली नाही. कुजलेलं टोक चांगल्या लाकडापर्यंत कापलं आणि तिथे तिरपा, पायरीचा सांधा करून नवं टोक जोडलं. नवं म्हणजे जुनंच: दुसऱ्या एका उतरवलेल्या वाड्याचं सागवान, जुन्या लाकडाच्या वखारीतून निवडलेलं. ते पुरतं वाळलेलं असतं, आकसत-फुगत नाही. सांध्याला दोन्ही बाजूंनी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या आणि आरपार बोल्ट. पट्ट्या मुद्दाम झाकल्या नाहीत. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे की इथे दुरुस्ती झाली आहे. भिंतीत टोक बसतं तिथे खाली दगडी बैठक दिली आणि तिन्ही बाजूंनी बोटभर पोकळी ठेवली, म्हणजे टोकाभोवती हवा खेळते. जुन्या, शाबूत तुळयांची टोकं उघडून पाहिली तर तिथेही अशीच पोकळी सापडली होती. आम्ही नवीन काही शोधलं नाही.

चुन्याबद्दल लोक उत्साहाने विचारतात: गूळ किती, बेलफळ किती, उडीद घातला का? या पाककृतीचं आकर्षण मला कधी कळलं नाही. गिलावा फसतो तो बहुधा गुळावाचून नाही. चुनकळी, म्हणजे भाजलेला चुना, पाण्यात पुरेशी विझवलेली नसते, वाळू चाळलेली आणि धुतलेली नसते, किंवा थर चढवल्यावर त्यावर पोती ओली ठेवायला कोणी जागेवर नसतं. आम्ही चुना महिन्याहून जास्त भिजत ठेवला, ताग कापून मिसळला, पातळ थरांत काम केलं आणि सावली धरली. गूळ गवंड्यांनी घातला. त्यांना अडवलं नाही.

चौकातली शहाबादी काढल्यावर खाली जुनी दगडी फरशी जशीच्या तशी होती, आणि तिच्या कडेने तासलेली पन्हळ, मागच्या दाराकडे उताराने जाणारी, सिमेंटने भरलेली. ती मोकळी केली. तळखडे पुन्हा पूर्ण वर आले, आणि खांब एकाएकी उंच दिसू लागले. बोळकांडीतला राडारोडा शेजाऱ्यांशी बोलून, त्यांच्याच मजुरांकडून काढून घेतला.

राहिला संडास. तो आजींच्या खोलीच्या दाराशी, म्हणजे माडीवरच हवा, आणि वाड्याच्या लाकडाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. मागच्या दाराबाहेर परसात स्वतंत्र पायावर लोखंडी खांब उभे करून त्यावर हलकं न्हाणीघर उभारलं, वाड्याला टेकलेलं नाही, मध्ये वीतभर फट. माडीच्या एका जुन्या खिडकीचं दार करून तिथून छोट्या साकवावरून आत जाता येतं. सगळे पाईप बाहेरून, उघडे, गळले तर दिसतील असे. वारसाप्रेमी मंडळींपैकी एका दोघांना ही लोखंडी भर आवडली नाही. आजींनी पहिल्याच दिवशी पसंत केली.

जे उरलं आहे

अभियंत्याने मागच्या भागाचं स्थैर्य प्रमाणपत्र दिलं, काचेच्या पट्ट्यांच्या नोंदी आणि फोटो त्याला जोडले. काम झाल्यावर नव्याने लावलेल्या पट्ट्या एका पावसाळ्यात शाबूत राहिल्या आहेत. एक पावसाळा म्हणजे फार नव्हे, म्हणून मोजणी चालू ठेवायची ठरली आहे. छपरावर चढणारा जुना माणूस थकला, आता पुतण्या चढतो. चोपड्यांचे फोटो काढून संगणकावर ठेवायचं काम त्यानेच सुरू केलंय, आणि सिंहस्थाच्या आधी माडीवरच्या दोन खोल्या यजमानांसाठी पुन्हा लावायच्या त्याच्या मनात आहे. त्याला आम्ही एकच अट घातली: नव्या खोल्यांना लागून वर मोरी नाही.

पुढच्या पाच खणांपैकी दोन खणांत भांड्यांचं दुकान आहे. भाडेकरू जुने, भाडं जुनं, आणि मालक-भाडेकरूंचे संबंध या दोन्हींना साजेसे. दुकानात पीओपीचं छत आहे, त्यामागे काय चाललंय ते दिसत नाही. छताचा एक चौकोन काढून बघू द्या, एवढीच विनंती होती. शटर बंद ठेवावं लागेल आणि मग जागाच जाईल, अशी त्यांची धास्ती. ती अगदीच निराधार आहे असंही म्हणवत नाही. त्यामुळे त्या दोन खणांतल्या तुळयांसमोर अहवालात 'तपासता आल्या नाहीत' असं लिहिलंय, आणि त्या भागापुरती नोटीस अजून कायम आहे.